ताप किती आहे?

आमच्या घरी हवेचं तापमान सेल्सियसमध्ये मोजतात आणि माणसाचं फॅरनहाइटमध्ये. तुमच्याही घरी तसंच असणार. नागपूरला पारा ४६ वर गेला की आपण "अबब" म्हणतो आणि बंड्याला ताप १०२ आहे म्हटलं की डॉक्टरांना फोन करतो. हे दोन आकडे दोन निरनिराळ्या मोजपट्ट्यांवरचे आहेत, हे आपल्या लक्षातही येत नाही. माझ्या ते लक्षात आलं हॉलंडला आल्यावर. पहिल्याच हिवाळ्यात आजारी पडलो आणि इथल्या डॉक्टरीणबाईंना फोनवर सांगितलं, "ताप १०१ आहे." पलीकडे शांतता. मग त्या अत्यंत सौम्य आवाजात म्हणाल्या, "तसं असेल तर तुम्ही माझ्याशी बोलू शकला नसता." (इथे ३८.३ म्हणायचं असतं. आणि तसं म्हटलं तरी पॅरासिटामॉल घेऊन झोपा एवढंच सांगतात, पण तो एका वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

आज लिहायचंय ते तापाबद्दलच, पण माणसाच्या नव्हे, लॅपटॉपच्या. आता तुम्ही म्हणाल, त्यात लिहिण्यासारखं काय आहे? लॅपटॉप तापतो, पंखा घोंघावतो, आपण तो मांडीवरून उचलून टेबलावर ठेवतो. झालं. पण त्या यंत्राच्या आत कुणीतरी सतत "ताप किती आहे?" असं विचारत असतं, आणि कुणीतरी उत्तर देत असतं. ते उत्तर कुठून येतं, त्यावर किती विश्वास ठेवायचा, आणि ते चुकलं तर काय होतं, ही गोष्ट तीनशे वर्षांची आहे. तिच्यातला एक छोटासा अध्याय मी माझ्या खिशाला आणि झोपेला खार लावून शिकलो. तिथूनच सुरुवात करतो.

पीएचडीच्या शेवटच्या वर्षाची गोष्ट. डेल्फ्टला एका जुन्या घराच्या माळ्यावर खोली घेऊन राहत होतो. विद्यापीठातल्या मोठ्या संगणकावर नंबर लागायला वेळ लागायचा, म्हणून छोटी गणितं मी माझ्या सेकंड-हँड लॅपटॉपवर रात्रभर चालवायचो. खोली इतकी लहान की पंख्याच्या आवाजाने झोप लागेना. मग इंजिनियर माणूस करतो तेच केलं: पंख्याचा ताबा स्वतःकडे घेतला. एक छोटा प्रोग्राम लिहिला. पाच जागांचं तापमान वाचायचं: प्रोसेसर, ग्राफिक्स, मदरबोर्ड आणि बॅटरीतले दोन सेन्सर. त्यांची सरासरी काढायची. ती पन्नासच्या वर गेली तर पंखा चालू, नाहीतर बंद. महिनाभर झकास चाललं.

मग बॅटरी फुगली. फुगलेली बॅटरी धोक्याची, म्हणून ती काढून ठेवली आणि लॅपटॉप थेट विजेवर चालवू लागलो. त्याच रात्री तीन दिवस चालणाऱ्या गणिताचा शेवटचा टप्पा होता. सकाळी उठलो तर स्क्रीन काळा. हात लावला तर चटका बसला. तीन दिवसांचं गणित गेलं, कारण मधले निकाल साठवायचा मी आळस केला होता. प्रबंध समितीकडे द्यायला नऊ दिवस उरले होते.

लॉग उघडून बघितला. प्रोसेसर ८५, ग्राफिक्स ७८, मदरबोर्ड ५२. आणि बॅटरीचे दोन सेन्सर? उणे १२८ आणि उणे १२८. पाचांची सरासरी उणे ८.२ अंश! माझ्या प्रोग्रामच्या मते लॅपटॉप बर्फात गाडलेला होता, त्यामुळे पंखा लावायचा प्रश्नच नव्हता. यंत्र जळून गेलं नाही ते केवळ प्रोसेसरच्या कृपेने. सॉफ्टवेअर काहीही म्हणो, एका मर्यादेनंतर हार्डवेअर स्वतःच वीज तोडतं. त्याचा सॉफ्टवेअरवर विश्वास नसतो, आणि माझ्यासारखे लोक बघता ते बरोबरच आहे.

पण हे उणे १२८ आलं कुठून? इथून मी या इतिहासात शिरलो. खरं तर प्रबंध लिहायचा होता, पण प्रबंध लिहायचा असताना माणूस दुसरं काहीही वाचतो, हे ज्यांनी तो लिहिलाय त्यांना ठाऊक आहे.

डेल्फ्टहून गाडीने वीसेक मिनिटांवर लायडन आहे. तिथल्या बुरहाव संग्रहालयात फॅरनहाइटने स्वतः बनवलेले तापमापक आहेत. हो, फॅरनहाइट! आपण त्याला इंग्रज किंवा अमेरिकन समजतो, पण त्याचं कर्तृत्व घडलं ते हॉलंडमध्ये. डॅनियल गाब्रिएल फॅरनहाइट १६८६ साली डान्झिगला, म्हणजे पोलंडमधल्या आजच्या ग्दान्स्कला जन्मला. १७०१ साली त्याचे आई-वडील विषारी अळंबी खाऊन एकाच दिवशी वारले. पालकांनी, म्हणजे कायदेशीर पालकांनी, पोराला व्यापार शिकायला ॲमस्टरडॅमला धाडलं. पोरगं व्यापार सोडून काचेच्या नळ्यांच्या नादी लागलं. वैतागून त्याला धरून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर पाठवून द्यायचं घाटलं होतं! तो निसटला आणि गावोगाव हिंडत राहिला. १७०८ साली कोपनहेगनला ओले रोमरला भेटला. प्रकाशाला वेग असतो हे १६७६ साली दाखवणारा तोच हा रोमर. त्याने स्वतःची तापमानाची पट्टी बनवली होती. फॅरनहाइटने ती घेतली आणि सुधारली.

तापमापक त्याच्या आधीही होते. मग त्याने वेगळं काय केलं? १७१४ साली त्याने हाले शहरात क्रिस्टियान वोल्फ नावाच्या प्राध्यापकाला दोन तापमापक दिले. त्यांचं नवल हे होतं की दोन्ही एकच आकडा दाखवत. आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण त्याआधी प्रत्येक तापमापक हा स्वतःचीच भाषा बोलणारा प्राणी होता. एकाचे वीस म्हणजे दुसऱ्याचे किती, हे कुणी सांगू शकत नसे. दोन तापमापक एकमेकांशी जुळायला हवे असतील तर दोघांनाही शून्य कुठे आहे हे माहीत असायला लागतं. १७२४ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याने आपल्या खुणा जाहीर केल्या: बर्फ, पाणी आणि नवसागर यांचं मिश्रण म्हणजे शून्य, बर्फ आणि पाणी म्हणजे ३२, निरोगी माणसाच्या तोंडातलं किंवा काखेतलं तापमान म्हणजे ९६. (९६ चं ९८.६ नंतर झालं, पट्टी पुन्हा नीट बसवल्यावर.) हा पाहुणा शेवटपर्यंत हॉलंडमध्येच राहिला आणि १७३६ साली द हेगला वारला.

दुसरा गडी स्वीडनचा आंदेर्स सेल्सियस. त्याची गंमत आणखी न्यारी. १७४२ साली त्याने पट्टी जाहीर केली, त्यात पाणी उकळतं ते शून्य आणि गोठतं ते १००! म्हणजे जितकी थंडी जास्त तितका आकडा मोठा. त्याच्या हिशेबात नागपूरचा मे महिना ५४ वर आला असता आणि महाबळेश्वरची डिसेंबरची पहाट नव्वदीत. १७४४ साली सेल्सियस वारला आणि त्यानंतर लवकरच ती पट्टी उलटी करण्यात आली. उलटी कुणी केली यावर लिनियसपासून फ्रान्समधल्या क्रिस्टँपर्यंत अनेकांची नावं घेतली जातात. ही उलटी पट्टी लक्षात ठेवा. अडीचशेहून अधिक वर्षांनी ती तुमच्या लॅपटॉपमध्ये परत येणार आहे.

आता लॅपटॉपमध्ये पाऱ्याची नळी बसवता येत नाही हे उघड आहे. तिथे तापमापकाचं काम करतो डायोड, म्हणजे सिलिकॉनचा एक साधा सांधा. त्यातून ठरावीक वीज सोडली की त्याच्या दोन टोकांमधला दाब साधारण ०.६ व्होल्ट भरतो, आणि तापमान एका अंशाने वाढलं की तो सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. अडचण अशी की प्रत्येक डायोड थोडा वेगळा असतो, फॅरनहाइटच्या आधीच्या तापमापकांसारखा. त्यावर तोड सुंदर आहे. त्याच डायोडमधून आधी कमी वीज सोडायची, मग तिच्या दसपट, आणि दाबांमधला फरक मोजायचा. वजाबाकीत डायोडच्या खोडी बऱ्याच अंशी गळून पडतात आणि उरतो तो केवळ निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणातला आकडा. खोलीच्या तापमानाला तो सुमारे ६० मिलिव्होल्ट येतो. म्हणजे हा तापमापक जन्मतःच केल्विनमध्ये बोलतो.

१९९० च्या दशकात हे सगळं घरगुती संगणकात आलं. तोवर प्रोसेसर फारसे तापत नसत. तापायला लागल्यावर मदरबोर्डवर तापमान मोजणाऱ्या चिपा बसवायला सुरुवात झाली. नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीच्या एलएम ७५, एलएम ७८ या त्यातल्या प्रसिद्ध. या चिपा प्रोसेसरशी बोलतात दोन तारांवरून, आणि ती दोन तारांची पद्धत काढली फिलिप्सने, १९८२ साली, टीव्हीच्या आतल्या चिपांना एकमेकींशी बोलता यावं म्हणून. मी आता जिथे राहतो त्या आइंडहोवन गावात फिलिप्सचं नाव दर दुसऱ्या इमारतीवर आहे, त्यामुळे मला या दोन तारांबद्दल गाववाल्याचा अभिमान वाटतो. १९९५ साली इंटेलने त्याच कल्पनेवरून संगणकासाठी एसएमबस ही पद्धत आणली.

तार झाली, चिप झाली. आता राहिला दुभाषा. चिप बोलते तिची भाषा, ऑपरेटिंग सिस्टिम बोलते तिची. मध्ये जो प्रोग्राम बसतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. (गाडी चालवणारा ड्रायव्हर डोळ्यासमोर आणू नका. हा जास्त करून सरकारी कचेरीतल्या कारकुनासारखा असतो: खालून आलेला कागद वाचायचा, ठरलेल्या नमुन्यात लिहायचा आणि वर पाठवायचा.) लिनक्ससाठी असे दुभाषे लिहायचं काम १९९८ साली फ्रोडो लोयार्ड आणि फिलिप एडेलब्रॉक यांनी हातात घेतलं. प्रकल्पाचं नाव ठेवलं एलएम-सेन्सर्स, त्या एलएम चिपांवरूनच. ही सगळी हौशी मंडळी होती. कोणत्या मदरबोर्डवर कोणती चिप कुठे जोडली आहे हे बनवणारे सांगत नसत. मग या लोकांनी एक शोधक प्रोग्राम लिहिला. दोन तारांवर १२८ पत्ते असतात. प्रत्येक पत्त्यावर जाऊन दार वाजवायचं आणि आतून कोण 'ओ' देतं ते बघायचं.

यातून एक मोठा घोटाळा झाला. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत आयबीएमच्या काही थिंकपॅड लॅपटॉपांवर हा शोधक चालवल्यावर ते पुन्हा सुरूच होईनात. त्यांच्यातली एक छोटी स्मृती-चिप अशी होती की तिला दारावरची थाप म्हणजे 'आत हे लिहून ठेव' असा हुकूम वाटायचा. आतली महत्त्वाची माहिती बिघडायची आणि मदरबोर्ड बदलण्याची वेळ यायची. "ताप किती आहे?" एवढंच विचारलं आणि रोगी दगावला! त्यानंतर लिनक्सच्या संबंधित ड्रायव्हरमध्ये एक तपासणी घातली गेली: यंत्र आयबीएमचं दिसलं तर इशारा द्यायचा आणि काम करायला सरळ नकार द्यायचा. मला हा नकार फार महत्त्वाचा वाटतो. त्याच्याकडे परत येतो.

दरम्यान मोठ्या कंपन्यांनी दुसरा मार्ग काढला. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय नावाचं प्रमाण जाहीर केलं. त्याचा सारांश असा: ऑपरेटिंग सिस्टिमने चिपांच्या दारांवर जाऊन थापा मारू नयेत. लॅपटॉप बनवणाऱ्याने आत एक छोटा कार्यक्रम ठेवावा, सिस्टिमने त्याला विचारावं, आणि त्याने केल्विनच्या दशांशात उत्तर द्यावं. पन्नास अंश सेल्सियस असेल तर ३२३२. कागदावर हे उत्तम आहे. पण खरा फरक २७३.१५ चा, आणि एसीपीआयमध्ये एकच दशांश स्थळ. मग कुणी लॅपटॉपवाला २७३.१ धरी, कुणी २७३.२. त्यामुळे तुमचा लॅपटॉप बरोब्बर ५० अंशांवर असताना स्क्रीनवर ४९.९ दिसू शकतं. यावर लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये एक युक्ती आहे. यंत्र बंद पाडायचं धोक्याचं तापमान सहसा गोल आकडा असतो, म्हणजे ९५, १००, १०५ असा. तो केल्विनमध्ये कसा लिहिलाय ते बघायचं, आणि त्यावरून या कंपनीच्या माणसाने २७३.१ धरलं होतं की २७३.२, याचा अंदाज करायचा. अक्षर बघून लिहिणारा ओळखावा तसा प्रकार!

हे झालं प्रामाणिक लॅपटॉपांचं. काही यंत्रं मात्र कधीही विचारा, एकच उत्तर देतात: २७.८ अंश. लिनक्स वापरणाऱ्यांमध्ये हा आकडा प्रसिद्ध आहे. केल्विनमध्ये तो ३०१.० होतो, आणि तो इतका गोल आहे की तिथे सेन्सरबिन्सर काही नसावा, उत्तर द्यावं लागतं म्हणून कुणीतरी एक सभ्य आकडा लिहून ठेवलाय, अशी शंका येतेच. खोलीत थंडी असो, यंत्रावर भाकरी भाजता येत असो, उत्तर २७.८. सगळं ठीक आहे.

आता ती उलटी पट्टी. २००१ साली 'टॉम्स हार्डवेअर' या संकेतस्थळाने एक चित्रफीत काढली. चालू संगणकाच्या प्रोसेसरवरचा थंड करणारा पत्रा काढून घ्यायचा आणि काय होतं ते बघायचं. पेंटियम ४ नुसता मंदावला आणि चालत राहिला. पेंटियम ३ थिजला. एएमडीच्या दोन प्रोसेसरांमधून धूर निघाला. तापमापक प्रोसेसरच्या जवळ असून भागत नाही, आत असावा लागतो आणि त्याचं म्हणणं क्षणात ऐकलं जावं लागतं, हे सगळ्यांना दिसलं. २००६ मध्ये इंटेलच्या कोअर प्रोसेसरांत प्रत्येक गाभ्यातच अंकी तापमापक आला. पण तो तापमान सांगत नव्हता! तो सांगत होता, धोक्याच्या रेषेपासून मी किती अंश लांब आहे. रेषेवर असेल तर शून्य, तीस अंश थंड असेल तर ३०. जितका थंड, तितका आकडा मोठा. सेल्सियसची १७४२ ची पट्टी, जशीच्या तशी.

हिशेबाने यात गैर काही नाही. प्रोसेसरला एकच काळजी असते, मी जळणार तर नाही ना? त्यामुळे रेषेजवळ तो अचूक असतो आणि लांब गेल्यावर जरा ढिसाळ. पण तुम्हाआम्हाला तर अंश हवे असतात. मग ड्रायव्हरने धोक्याच्या रेषेच्या तापमानातून तो आकडा वजा करायचा. बरं, रेषा किती अंशांवर आहे? डेस्कटॉपच्या प्रोसेसरांसाठी ते इंटेलने सुरुवातीला जाहीरच केलं नव्हतं. रुडॉल्फ मारेकने २००७ साली लिनक्ससाठी लिहिलेल्या ड्रायव्हरमध्ये ८५ किंवा १०० यांपैकी एक धरलं जाई. एकाच प्रोसेसरबद्दल एका प्रोग्रामने ८५ धरावं आणि दुसऱ्याने १००, की दोघांच्या उत्तरांत १५ अंशांचा फरक. वोल्फ प्राध्यापकांच्या आधीचा काळ परत आला होता. लोक इंटरनेटवर हमरीतुमरीवर येऊन भांडत, आणि भांडण तापमानाचं नसून शून्याचं आहे हे फार थोड्यांना कळत होतं. २००८ मध्ये इंटेलने आकडे जाहीर केले, आणि त्याच वर्षी आलेल्या नेहालेम पिढीपासून धोक्याची रेषा प्रोसेसर स्वतःच सांगू लागला. ड्रायव्हरचा अंदाज संपला.

एएमडीची तऱ्हा निराळी. त्यांच्या प्रोसेसरमधला मुख्य आकडा हा पंखा चालवण्यासाठी बनवलेला असतो, खरं तापमान दाखवण्यासाठी नव्हे. २०१७ साली रायझन १७००एक्स आणि १८००एक्स आले तेव्हा ते मुद्दाम २० अंश जास्त सांगत. लोक घाबरले. मग कंपनीने खुलासा केला, आणि ड्रायव्हर वीस वजा करू लागले. त्याआधीच्या फेनॉम पिढीतल्या काही प्रोसेसरांचा सेन्सर भरवशाचा नाही, असं कंपनीनेच आपल्या चुकांच्या यादीत लिहिलं होतं. लिनक्सच्या ड्रायव्हरने त्यावर काय केलं? अशा प्रोसेसरवर तो चालूच होत नाही. तुम्हाला हवंच असेल तर जबरदस्तीने चालू करा, पण मी आपणहून खोटा आकडा सांगणार नाही!

म्हणजे पुन्हा नकार. आणि इथे माझं उणे १२८ सुटलं. आठ बिटांत उणे १२८ ते १२७ एवढेच आकडे मावतात. जुन्या ड्रायव्हरमध्ये त्यातला सगळ्यात खालचा आकडा 'इथे सेन्सर नाही' या अर्थाने राखून ठेवलेला होता. माणूस उणे १२८ बघून लगेच समजतो की हे तापमान असूच शकत नाही. माझ्या प्रोग्रामला ती अक्कल नव्हती, कारण मला ती द्यायचं सुचलं नव्हतं. त्याच्या लेखी तो एक आकडा होता, आणि आकड्यांची सरासरी काढता येते.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना हा धोका माझ्या कितीतरी आधी दिसला होता. त्यांनी मांडलेल्या नव्या पद्धतीत सेन्सर नसेल तर आकडा मिळतच नाही. 'असं उपकरण नाही' अशी चूक परत येते, आणि प्रोग्रामला तिची दखल घ्यावीच लागते. बॅटरीतला सेन्सर बॅटरी काढली की नाहीसा होतो आणि बसवली की परत येतो, हेही त्या ड्रायव्हरच्या माहितीपत्रात लिहिलेलं होतं. शिवाय लिनक्सच्या ठरलेल्या नमुन्यात प्रत्येक तापमानाजवळ एक 'लेबल' ठेवता येतं, हा सेन्सर कुठला आहे हे सांगणारं, आणि एक 'फॉल्ट', हा सेन्सर बिघडलाय का हे सांगणारा. एकके तर अशी की हसू यावं: एसीपीआयचं केल्विनच्या दशांशात, लिनक्सचं सेल्सियसच्या सहस्रांशात, ओपनबीएसडीचं केल्विनच्या दशलक्षांशात. पण एककं कितीही बारीक केली तरी जे मोजलंच नाही ते कळत नाही. ड्रायव्हरमधली खरी सुधारणा दशांश स्थळांची नव्हती. 'माहीत नाही' हे उत्तर आकड्यापासून वेगळं ठेवणं, ही ती सुधारणा होती. मी मात्र नेटवरून उचललेली जुनी पद्धतच वापरत बसलो होतो.

त्या सकाळी मी माझा प्रोग्राम बदलला. सरासरी काढून टाकली, सगळ्यात गरम जागा घेतली. आणि एक ओळ घातली: प्रोसेसरचं उत्तर आलं नाही, किंवा अशक्य आलं, तर पंखा पूर्ण वेगात. माहीत नाही याचा अर्थ 'ठीक आहे' असा घ्यायचा नाही, 'काळजी घ्या' असा घ्यायचा. पुढच्या आठ रात्री पंख्याच्या आवाजात झोपलो. प्रबंध वेळेवर गेला.

असो. ही गोष्ट इथेच संपवणार होतो, पण ती मला परत आठवली ती गेल्या पावसाळ्यात.

बाबांना डेंग्यू झाला होता. चार दिवस ते नाशिकच्या हॉस्पिटलमध्ये होते. त्या चारही दिवशी मी रोज रात्री फोन केला, आणि आईने रोज सांगितलं, "बरे आहेत रे. जरा कणकण आहे. आत्ताच झोपलेत." मामेभावाकडून चुकून कळलं तेव्हा प्लेटलेट परत वाढायला लागल्या होत्या. मी फोनवर चिडलो. आई शांतपणे म्हणाली, "तू सात हजार किलोमीटरवर. सांगून काय करणार होतास?" मला उत्तर देता आलं नाही. कारण मीही तेच करतो. "जेवलास का?" "हो." "थंडी फार आहे का?" "नाही गं." नोकरीत कपात होणार म्हणून तीन महिने झोप उडाली होती, तेव्हाही आमच्या दोन्ही टोकांना रोज २७.८ अंशच होते. परदेशात राहणाऱ्या बहुतेक घरांत असाच एक सेन्सर बसवलेला असतो. तो लबाडीने खोटं बोलत नाही. उत्तर द्यावं लागतं, आणि ऐकणाऱ्याला त्रास होऊ नये असं वाटतं, म्हणून तो एक सभ्य आकडा सांगतो. पण मग ज्या दिवशी खरंच २७.८ असेल, त्या दिवशीही त्यावर विश्वास बसत नाही.

मी आईला लॅपटॉपची गोष्ट सांगितली, वर लिहिली तेवढीच, फिलिप्सचा अभिमान वगळून. म्हटलं, "ताप असेल तर आकडा सांग. नसेल तर नाही म्हण. आणि मोजला नसेल तर 'मोजला नाही' असं सांग. 'ठीक' म्हणू नकोस. मीही म्हणणार नाही." ती म्हणाली, "म्हणजे मी तुझा ड्रायव्हर का?" आणि हसली.

गेल्या आठवड्यात बाबांना पुन्हा जरा सर्दी-ताप झाला. दुपारी आईचा निरोप आला: "सकाळी मोजला नाही, थर्मामीटर सापडत नव्हता. आत्ता १००.४. पातळ भात खाल्ला. काळजी वाटली तर मी फोन करीन." मी ते सेल्सियसमध्ये करून बघितलं. बरोब्बर ३८. त्या रात्री मी शांत झोपलो.